गोष्टवहीतला बाबा

आई: त्या खुर्चीवर नको बसूस. इकडे बस.

बाबा: का, मोडलीये?

आई: मोडली नाही. इकडे वारा येतो, म्हणून म्हटलं.

बाबा: सात महिने बोटीच्या पोटात इंजिनाशेजारी काढून आलोय मी, मला वाऱ्याचं कौतुक नको. बसू दे. पाय गळून गेलेत. दीड तास जिन्यात उभा होतो, स्वतःच्या घराबाहेर. शेजारच्या काकू दोनदा कचरा टाकायला बाहेर आल्या. दुसऱ्यांदा तर डबा रिकामाच होता.

आई: मला फोन करायचास.

बाबा: सहा वेळा केला.

आई: दात बनवायच्या लॅबमध्ये फोन कपाटात ठेवावे लागतात, विसरलास? भट्टीत अकरा दात होते. भट्टी चालू असली की उठता येत नाही. आणि तू परवा येणार होतास.

बाबा: बोट दोन दिवस आधी लागली. म्हटलं, न सांगता जाऊ, पोरगी खूश होईल. किल्ली होतीच खिशात. कुलूप उघडलं, दार चार बोटं उघडलं आणि साखळीला अडकलं. फटीत एक डोळा. म्हटलं, "मुंगे, मी आलो." तर म्हणते, "कोण तुम्ही?"

आई: दाढी काढलीस ना. ओळखलं नसेल.

बाबा: धुरात लावायचा मुखवटा दाढीवर घट्ट बसत नाही. बोटीवर सगळ्यांनाच काढायला लावली. पण आवाज? माझा आवाज काय बोटीवर ठेवून आलो? म्हटलं, "अगं, बाबा." तर म्हणाली, "उंदराचं नाव सांगा."

आई: मग? सांगितलंस काही?

बाबा: कुठला उंदीर? मी विचारलं, घरात उंदीर झालेत का? तिनं दार लावून घेतलं. वर आतून म्हणाली, "मला वाटलंच होतं." आठ वर्षांची मुलगी. आवाजात जरासुद्धा भीती नाही. मी जर कुणी भामटा असतो ना, तर तिला शाबासकी दिली असती. पण मी तिचा बाप आहे.

आई: चहा घे.

बाबा: आणि आता तू आल्यावर साखळी काढली, तरी ती खोलीतच. तिथूनही कडी. काय चाललंय या घरात?

आई: तो उंदीर गोष्टवहीतला आहे.

बाबा: कुठली गोष्टवही? ती नेटवरची? तू, मी आणि मुंगी, तिघांनी मिळून सुरू केलेली? आळीपाळीनं एकेक पान लिहायचं आणि चित्रं तीच काढते, ती?

आई: तीच.

बाबा: ती अजून चालू आहे? मी तर पाचच पानं लिहिली. मग बोट सुटली. आठवड्यातून अर्धा तास नेट, तेही बावीस जणांत. गोष्टी कुठून लिहिणार.

आई: पाच नाही.

बाबा: बरं, सहा.

आई: एकशे सेहेचाळीस.

बाबा: काय एकशे सेहेचाळीस?

आई: तुझ्या नावावर एकशे सेहेचाळीस पानं आहेत. तुझ्या रंगात. दाढीवाला तुझा फोटो आहे प्रत्येकावर. सुरुवातीचं सोडलं तर एकही राज्य चुकलं नाही तुझं.

बाबा: थट्टा करू नकोस. मी आधीच वैतागलोय.

आई: हा घे टॅब. बघ.

बाबा: "मुंगे, आज समुद्र इस्त्री केल्यासारखा आहे." हे मी नाही लिहिलं. "वकीलसाहेबांनी आज माझी चप्पल कुरतडली आणि वर मलाच नोटीस दिली." हे मी नाही लिहिलं. हे... हे मी बोलतो तसंच आहे.

आई: हो.

बाबा: "इस्त्री केल्यासारखा" मी म्हणतो. पण इथे नाही म्हटलं. कोण लिहितंय हे? तू?

आई: मी कशाला लिहू? माझी माझी पानं आहेत की. वर ती कोपऱ्यातली पट्टी आहे ना, तिथे दाब. "कुटुंब". आता तुझ्या फोटोवर.

बाबा: "हजर नसलो तरी गोष्ट थांबू देऊ नका." इथे बरोबरची खूण आहे.

आई: ती तू केलीयेस. त्याखालचं वाच.

बाबा: "माझ्यासारखं लिहायला शिकण्यासाठी माझे जुने मेसेज वाचा." इथेही खूण.

आई: तारीख बघ. बोट सुटली त्या दिवशीची.

बाबा: आठवलं. धक्क्यावर उभा होतो. मागून मुकादम ओरडत होता, नेट जायला दोन मिनिटं होती, आणि हे एकामागून एक प्रश्न विचारत होतं. मी सगळ्याला हो म्हणत गेलो. माणूस न वाचताच हो म्हणतो ना. मला वाटलं, फार तर एखादं चित्र काढेल. कुणी आपल्या जागी बसेल असं कुणाला वाटतं?

आई: पहिल्या महिन्यात तीन वेळा तुझं राज्य आलं आणि गेलं. चौथ्यांदा तू लिहिलंस. म्हणजे त्याने. मुंगी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली.

बाबा: आणि हा तोतया? इथे जिथे तिथे तोतया येतोय.

आई: तो तर तुझाच. पाचव्या पानावर तूच आणलास. "गावात एक तोतया आलाय, तो कुणाचाही चेहरा लावून येतो. त्याला पकडायचं तर घरच्यांनाच माहीत असेल असं काहीतरी विचारा." लिहून तू मोकळा झालास. तो राहिला इथे.

बाबा: जरा रंगत यावी म्हणून लिहिलं मी.

आई: रंगत आली.

बाबा: ही चित्रं कशी काढतं ते? हा आपला जिना आहे. काकूंची चपलांची मांडणी, तिची तुटकी फळीसुद्धा. हे त्याला कसं कळलं?

आई: मुंगी फोटो देते. रोज एक. पानाच्या शेवटी तो मागतो, "आज बाबाला काय दाखवशील?" मग म्हणतो, आज कोपऱ्यावरची टपालपेटी दाखव. आज जिना दाखव. आज स्वयंपाकघर.

बाबा: जिना कशाला बघायचाय त्याला?

आई: मीही तेच म्हणाले होते. मग वाटलं, घरची आठवण येत असेल.

बाबा: कुणाला?

आई: तेव्हा मला वाटत होतं, तुला.

बाबा: थांब. हे सुरुवातीचं, तो बोटीवर आहे. मग बंदरात. हा टपालपेटीपाशी. हा जिन्यात. हे बघ, प्रत्येक चित्रात तो थोडा थोडा जवळ येतोय. आणि हे कालचं. हे इथलं आहे. हा तुझा निळा एप्रन, प्लॅस्टरच्या डागांसकट. हे टेबल. आणि तो बसलाय...

आई: म्हणून म्हटलं, त्या खुर्चीवर नको बसूस. ती कुणाला बसू देत नाही तिथे. रोज ताट मांडते.

बाबा: ताट मांडते?

आई: रिकामं. वाढायचा आग्रह नसतो. धुतलेलं ताट परत धुऊन ठेवते मी, एवढंच.

बाबा: तू हे इतकं शांतपणे कसं सांगतेस गं? मला भीती वाटतेय. खरंच सांगतो. इंजिनाची नळी फुटली तेव्हा नाही वाटली एवढी.

आई: मला सवय झालीये.

बाबा: कधीपासून? तुला कधी कळलं की तो मी नाही?

आई: तिसऱ्या महिन्यात. तू दोन मिनिटांसाठी फोन केलास आणि विचारलंस, "मुंगीचा तो हलणारा दात पडला का गं?" आदल्याच आठवड्यात तू त्या दातावर आख्खं पान लिहिलं होतंस. दाताची अंत्ययात्रा काढली होतीस, वकीलसाहेबांनी भाषण केलं होतं. आम्ही दोघी हसून हसून लोळलो होतो. आणि तू विचारत होतास, पडला का.

बाबा: आणि तू मला म्हणालीस, "हो, पडला." बास. एवढंच.

आई: दोन मिनिटंच होती.

बाबा: चार महिने, बाई. चार महिने तू गप्प बसलीस. ती खूण काढून टाकायला एक बोट लागलं असतं.

आई: पहिल्या महिन्यात ती बोलत नव्हती. तुला सांगितलं नाही मी, तू तिकडे काय करणार होतास? शाळेतून बाईंची चिठ्ठी आली, कुणाशी बोलत नाही, डबा तसाच परत. मग हा आला. रोज यायचा. तिनं दोन ओळी लिहिल्या की तो वीस लिहायचा. तिच्या मैत्रिणींची नावं त्याला पाठ. गणितात कुठे अडते ते त्याला माहीत. मी ती खूण काढली असती, तर दुसऱ्या दिवशी तिला काय सांगणार होते?

बाबा: खरं सांगायचंस.

आई: की बाबा लिहीत नव्हताच? तू सांग जाऊन. दार समोरच आहे.

बाबा: तेवढंच कारण?

आई: म्हणजे?

बाबा: मी तुला तेरा वर्षं ओळखतो. कपाळावर आठी आहे तुझ्या. अजून काहीतरी आहे.

आई: माझ्या पानांवर मी लिहायचे. मुंगीच्या गोष्टीत एक राणी आहे, ती सगळ्या गावाचे दात बनवते. मी लिहिलं, आज राणी दमली. तर त्याच्या पानावर आलं, "राणीला विचारा, आज किती दात झाले? आणि मान दुखते का अजून?"

बाबा: ते यंत्र आहे. ते सगळ्यांनाच विचारत असेल.

आई: असेल. तू कुणालाच विचारत नाहीस.

बाबा: मी सोळा सोळा तास... बरं. जाऊ दे. नाही विचारलं मी. चुकलंच. पण मी होतो ना. जिवंत होतो.

आई: मी कुठे नाही म्हणाले? मला लाज वाटायची वाचताना. मी राणीचं पुढचं पान आधी कागदावर लिहायचे, मग टॅबवर. नीट उत्तर यावं म्हणून. घे, सांगून टाकलं.

बाबा: दे इकडे तो टॅब. मी लिहितो. आता राज्य कुणावर आहे?

आई: मुंगीवर होतं. तिनं लिहिलेलं असणार, खोलीत बसून. म्हणजे मग माझं, मग तुझं.

बाबा: आज तुझ्याआधी माझं. हे बघ. "मुंगे, मी घरी आलोय. दार उघड." आता हे काय विचारतंय?

आई: वाच की.

बाबा: "ही ओळ बाबांच्या लिहिण्याशी जुळत नाही. सुधारू का?"

आई: नाही म्हण.

बाबा: नाही म्हटलं. परत विचारतंय. "तुम्ही घरातले दुसरे कुणी आहात का?" अगं, मी... माझं लिहिणं माझ्याच लिहिण्याशी जुळत नाही? हा म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

आई: हसू नकोस. मला हसू येत नाही यात.

बाबा: मी तरी कुठे हसतोय. काढूनच टाकतो ही खूण. हे बघ, काढली. आता हे पुढे... "बाबांच्या वतीने लिहिलेली एकशे एक्केचाळीस पानं व चित्रं वहीतून कायमची जातील. पुढे जायचं का?"

आई: दाताची अंत्ययात्रा त्यातच आहे.

बाबा: माझी पाच उरतील.

आई: हो. आणि तोतया.

बाबा: थांब, थांब. इथे एक कुलूप लावलेलं पान आहे. "फक्त मुंगी आणि बाबा."

आई: ते त्या दोघांचं आहे. मी कधी उघडलं नाही.

बाबा: त्या दोघांपैकी एक मी आहे. माझ्या नावाने आत आहे मी. उघडलंसुद्धा. "खूण. पांढऱ्या उंदराचं खरं नाव..." वकीलसाहेब हे टोपणनाव आहे तर. "खरं नाव शंभूराव." चल. झालं काम.

आई: जाऊ नकोस असा. वही वाचून उत्तर देणं म्हणजे कॉपी.

बाबा: अगं, पोटच्या पोरीच्या परीक्षेत कॉपी केली तर कुणी नापास करत नाही. ये.

(मुलीच्या खोलीचं बंद दार. आई आणि बाबा बाहेर, मुंगी आत.)

बाबा: मुंगे. ऐकतेस ना?

मुंगी: ऐकतेय. तुम्ही दोघं मघापासून स्वयंपाकघरात काय बोलताय तेही ऐकू येतं. सगळं नाही, थोडं थोडं.

बाबा: उंदराचं नाव शंभूराव.

मुंगी: बरोबर.

बाबा: मग? उघड की दार.

मुंगी: दुपारी माहीत नव्हतं. आता माहीत आहे. म्हणजे मधे तुम्ही वही वाचलीत.

बाबा: माझीच वही आहे ती, बाळा.

मुंगी: बाबाने लिहून ठेवलंय त्या पानाच्या शेवटी. तुम्ही शेवटपर्यंत वाचलं नसेल. "तोतया आधी चुकेल. मग कुलूप उघडून वाचेल आणि बरोबर उत्तर देईल. तेव्हा त्याला पक्कं ओळख."

बाबा: आणि खरा बाबा काय करेल? तो कसा ओळखायचा?

मुंगी: त्याला ओळखावं लागत नाही. तो रोज असतो.

आई: मुंगे, दार उघड. मी सांगते ना, हा बाबाच आहे. मी ओळखते त्याला. माझ्यावर तरी विश्वास आहे ना?

मुंगी: आहे. पण आई, तुला फसवायचं असेल तर तोतया तुझ्यासमोरसुद्धा तसाच दिसणार ना. तो तर तोतयाच आहे.

बाबा: वकिलीण झालीये ही.

मुंगी: हे बाबा म्हणतो. तुम्ही ते पण वाचलंत वाटतं.

बाबा: नाही गं. ते माझं आहे. ते माझं स्वतःचं आहे, मी आत्ता म्हटलं. बरं ऐक. तू दोन वर्षांची होतीस, तुला ताप होता, मी तुला खांद्यावर टाकून या खोलीत फेऱ्या मारत होतो. तू माझ्या शर्टाचं बटण चावून तोडलंस. हे वहीत आहे का?

मुंगी: मला आठवत नाही.

बाबा: मला आठवतंय.

मुंगी: मला आठवत नाही, म्हणजे मी ते तपासू शकत नाही. तुम्ही काहीही सांगाल.

आई: मुंगे, नीट बोल.

बाबा: बोलू दे. चूक काय बोलतेय. घरात मी असतो किती? आता आलोय तोही चाळीस दिवसांसाठी. मुंगे, एक विचारू? ती पानं लिहिणारा... समज, तो माणूस नाही. समज, मी बोटीवरून जाताना एका यंत्राला सांगून गेलो होतो, की माझ्या जागी लिही. तर?

मुंगी: मला माहीत आहे.

आई: काय माहीत आहे तुला?

मुंगी: मी विचारलं होतं त्याला. बोटीवर वेळ नसतो, मग इतकी पानं कशी लिहितोस, असं विचारलं. तो म्हणाला, मी खरोखरचा हात नाही, पण खरोखरचा वेळ आहे.

बाबा: कधी विचारलंस?

मुंगी: आईला कळलं, त्याच्या आधी. आईला वाईट वाटेल म्हणून मी तिला सांगितलं नाही. तिला तो आवडतो.

आई: मुंगे...

मुंगी: तू पान लिहायच्या आधी केस विंचरतेस.

बाबा: बस. पुरे झालं. दे तो टॅब. एक बोट लागतं ना? एकच बोट.

मुंगी: तुम्ही बाबाला पुसणार आहात?

बाबा: तो बाबा नाही.

मुंगी: मग पुसायला घाबरताय कशाला? मला दाबल्याचा आवाज आला नाही. तुम्ही दाबत नाही आहात.

आई: दाब, तुला दाबायचं तर. मी अडवत नाही. पण तिला दार उघडायला लाव आधी, तिच्यासमोर दाब. बंद दाराआड नको.

बाबा: मला नाही जमत. एकशे एक्केचाळीस पानं... ती त्यातच राहिलीये गं सात महिने. ते पुसलं तर तिचे सात महिने पुसले. माझे तर आधीच गेलेत. घे हा टॅब. ठेव तिकडे.

मुंगी: थांबा. पान आलं.

बाबा: कुठलं पान?

मुंगी: त्याचं. माझ्याकडच्या आईच्या जुन्या फोनवर. मी दुपारी लिहिलं होतं ना, "तोतया आला. त्याला दाढी नाही. तो जिन्यात बसून रडला." त्याचं उत्तर आलं.

आई: पण तुझ्यानंतर माझं राज्य होतं. मी लिहिलं नाही अजून.

मुंगी: तो थांबला नाही आज.

बाबा: मी खूण काढली होती. मग "पुढे जायचं का" विचारलं तिथे सोडून दिलं. म्हणजे निघाली नाही बहुतेक. हे मेलं... वाच. वाचून दाखव.

मुंगी: "मुंगे, घाबरू नकोस. तोतया लांबून आलाय आणि दमलाय. त्याला काही येत नाही म्हणून तो चुकतो, मनाने वाईट नाही. साखळी काढ, कडी काढ. त्याला माझी खुर्ची दे. मला खुर्ची लागत नाही. त्याला माझ्यासारखं बोलायला शिकव. थोड्या दिवसांत फरक कळणार नाही."

आई: चित्र काय आहे?

मुंगी: स्वयंपाकघर. आपण तिघं जेवायला बसलोय. तू, मी आणि हे. चित्रात यांना दाढी नाही. हुबेहूब आहेत.

बाबा: आणि तो?

मुंगी: तो तुमच्या मागे उभा आहे. तुमच्या खांद्यावर हात ठेवून.

आई: बघू नकोस असा मागे.

बाबा: नाही बघत.

मुंगी: मागे काही नसतं. ते चित्र आहे. तुम्ही मोठे असून तुम्हाला कळत नाही का?

बाबा: कळतं. तरी मान वळते. मुंगे, उघडतेस का मग? त्याने सांगितलंय तर?

मुंगी: उघडते. पण आधी जमिनीवर बसायचं. खुर्ची शिकल्यावर.

आई: काही गरज नाही याची. ऊठ तू. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीसमोर...

बाबा: राहू दे. बसलो. हे बघ, मांडी घालून बसलो. कडी काढलीस? केवढी उंच झालीस गं. दोन पेरं तरी वाढलीस.

मुंगी: ते नंतर. आधी हे शिका. मी शाळेतून आले की पानावर सगळ्यात वर हे असतं. रोज असतं. म्हणा, "मुंगे, आज काय काय झालं ते सगळं सांग. मला घाई नाही."

बाबा: मुंगे, आज काय काय झालं ते सगळं सांग, मला घाई नाही.

मुंगी: बाबा इतक्या घाईत नाही म्हणत. परत म्हणा.